माळ्यावरची पाच विमानं आणि ‘घरचा भाव’

पत्र

माझे मिस्टर ४६ वर्षांचे. सांगलीजवळ एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत. पगाराचे ७२,००० हातात येतात, त्यातले १९,००० घराच्या हप्त्याला जातात. मुलगी बारावीला आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी रिमोटवर उडणारं विमान आणलं. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये तारेवरचं विमान उडवायचे, तेव्हापासूनची आवड म्हणाले. मीही म्हटलं, मन रमेल.

आता माळ्यावर पाच विमानं आहेत. त्यातली तीन मोडकी. पहिल्याचं नाकच चेपलंय. जेट आणलं ते सहा वेळा उडालं. एक लाकडी आहे, ते अजून एकदाही उडालेलं नाही. बॅटऱ्या कपाटात माझ्या साड्यांखाली असतात आणि चार्जिंग रात्री बेडरूममध्ये लावून झोपतात. गेल्या महिन्यात कुरिअरच्या खोक्यात बिल सापडलं. मला ‘चार हजारांचा’ म्हणून सांगितलेला रेडिओ, म्हणजे विमानाचा रिमोट, १७,५०० चा निघाला. मग मी बसून सगळंच काढलं. शिकायचं विमान १४,५००, दुसरं लढाऊ विमानासारखं २२,०००, जेट ३८,०००, लाकडी २७,०००, ग्लायडर १६,०००, रेडिओ १७,५००, चार बॅटऱ्या १९,००० (त्यातल्या जेटच्या दोनच १५,००० च्या), चार्जर ६,५००, किरकोळ ३,५००. एकूण १,६४,०००. उडवायला जातात महिन्यातून दोन रविवार, पावसाळ्यात तेही नाही.

विचारलं तर म्हणाले, “पैसे कुठे गेलेले नाहीत, ही गुंतवणूक आहे. उद्या विकलं तर येतील.” आता मे महिन्यात नणंदेचा मुलगा न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून अजून एक मागवलंय. सासूबाई म्हणतात, दारू नाही, गुटखा नाही, मग गप्प बस. मी गप्प बसू का? आणि ते पैशांचं जे म्हणतात ते खरं आहे का?

– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

दुसरा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर सोपं आहे. नाही, खरं नाही.

मी कोणत्या बाजूने बोलतोय हे मात्र आधी सांगायला हवं. मी एकतीस वर्षं बँकेत होतो आणि २००३ पासून विमानं उडवतो. म्हणजे तुमचं पत्र वाचताना अर्धा मी तुमच्या टेबलाशी होतो आणि अर्धा तुमच्या माळ्यावर. माळ्यावरचा अर्धा थोडा हळवा झाला होता, त्याला बाजूला बसवून लिहितोय.

तुमची यादी इतकी नीट आहे की बाजारात काय येईल ते ओळीने सांगता येतं. हे भाव माझ्या अंदाजाचे, आमच्या ग्रुपांवर जुना माल ज्या किमतीला फिरतो त्यावरून. रेडिओ चांगल्या स्थितीत असेल तर ११,००० येतील. चार्जरचे ४,०००. ग्लायडर धड आहे, ८,५००. लाकडी विमान उडालेलंच नाही म्हणून त्याला भाव आहे, १७,०००. जेटच्या बॅटऱ्या फुगलेल्या नसतील तर दोन्हींचे मिळून ३,०००. मोडक्या तिघांतून मोटरी, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सोडवून विकले तर ४,०००. बेरीज ४७,५००. म्हणजे रुपयाचे साडेचार आणे, आणि तेही गिऱ्हाईक भेटलं तर, त्याने घासाघीस केली नाही तर. आमच्या धंद्यात याला गुंतवणूक म्हणत नसत, घसारा म्हणत. गाडीचा असतो तसा, फक्त गाडी नाकावर पडत नाही.

पण तुमचे मिस्टर तुम्हाला फसवायला तसं म्हणाले असं मला वाटत नाही. हे वाक्य आमच्यातला प्रत्येक जण आधी स्वतःशी बोलतो आणि मग घरी बोलतो. आमच्या मैदानावर तर प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, दुकानचा भाव आणि घरचा भाव. नवीन कोणी काही आणलं की पहिला प्रश्न, “कितीला पडलं?” आणि दुसरा, “घरी किती सांगितलंस?” त्यावर हशा. मीही हसायचो. माझं पहिलं विमान १९,२०० ला पडलं होतं आणि घरचा भाव ६,००० होता.

त्या विमानाची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या हिशेबाला ती लागू पडते. तेव्हा तयार फोमची विमानं इकडे दिसत नसत. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्याखाली टाचण्या मारून ठेवलेला नकाशा, पॉलिश पेपर, आणि वर इस्त्रीने चिकटवायची फिल्म. चार महिने रोज रात्री जेवणानंतर बसायचो. घरातली इस्त्री कायमची खराब झाली. इंजिन ग्लोचं, म्हणजे मिथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारं. शर्टाला येणारा तो वास तीन धुण्यांत जात नाही. रेडिओ क्रिस्टलचा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं ते आतला छोटा क्रिस्टल ठरवायचा. तुमच्याच नंबरचं क्रिस्टल घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणी रेडिओ चालू केला की तुमचं विमान गेलंच. म्हणून नंबर लिहिलेला कपड्यांचा चिमटा ज्याच्या अँटेनावर, त्यानेच रेडिओ लावायचा. असं सगळं सांभाळून तिसऱ्या उड्डाणात माझं इंजिन हवेतच बंद पडलं आणि विमान उसात शिरलं. बारा-तेरा फूट उभा ऊस. दोन दिवस शोधलं. पाचटाने हात-तोंड कापून निघालं, विमान नाही मिळालं. जानेवारीत तोड आली तेव्हा टोळीतला एक जण शेपूट घेऊन आला, “सायेब, ह्ये तुमचं का?”

त्याच सुमाराला बायकोने पासबुक भरून आणलं. भांडण झालं नाही. तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं: ‘विमान १. उडालं ३ वेळा. १९,२००.’ आणि वही माझ्यापुढे सरकवली. एका उड्डाणाला ६,४०० रुपये. ती वही अजून चालू आहे.

तुम्ही किमतींची बेरीज केलीत ते चांगलंच केलंत, पण त्या १,६४,००० मध्ये शहाणा खर्च आणि वेडा खर्च एकाच ओळीत उभे आहेत. वस्तूच्या किमतीला ती किती उडाली याने भागा, मग ते वेगळे दिसतात.

जेट घ्या. ३८,०००. त्याला लागणाऱ्या दोन मोठ्या बॅटऱ्या १५,०००. त्या सहा सेलच्या, छोट्या चार्जरवर चार्ज व्हायला रात्र लागते, म्हणून ६,५०० चा चार्जर घेतला असणार, मी पैज लावतो. झाले ५९,५००. असं जेट एका बॅटरीवर साडेतीन मिनिटं उडतं, जास्त ताणलं तर बॅटरी मरते. सहा उड्डाणं म्हणजे एकवीस मिनिटं. मिनिटाला २,८०० रुपये. वरून या जेटांना पंख्यात हवा ओढायला लागते आणि चाकं लहान असतात. आपल्याकडच्या मुरमाड माळावर धावताना चाकाचे दांडे वाकतात आणि खडे पंख्यात जातात. डांबरी धावपट्टी नसेल तर जेट घेऊ नये. हे विकणारा सांगत नाही, आणि घेणारा व्हिडिओतली अमेरिकेतली गुळगुळीत पट्टी बघून घेतो. आता जेट मोडलं तर त्या दोन बॅटऱ्या तुमच्याकडच्या दुसऱ्या कशालाच बसणार नाहीत.

याच्या उलट माझ्याकडे २०१६ सालचं एक फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, आहे. पंख वर, शेपटीला तीन ठिकाणी जोड, नाकाचा रंग उडालेला. बॅटऱ्या, पंखे, गोंद सगळं धरून वहीत त्याच्या नावावर ३८,००० आहेत आणि उड्डाणं सहाशेच्या वर. त्रेसष्ट रुपयांना एक उड्डाण. सांगलीत नाक्यावर दोघांनी भेळ आणि चहा घेतला तरी एवढे होतात.

आता प्रश्न असा की मिस्टर ट्रेनरवरून एकदम लढाऊ विमानावर आणि तिथून जेटवर का गेले? मला वाटतं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, एनसीसीच्या ओळीत. तारेवरचं विमान दोन तारांनी हातातल्या मुठीला बांधलेलं असतं. ते तुमच्याभोवती गोल फिरतं, तुम्ही त्याच्याबरोबर फिरता. मनगट वर केलं की वर, खाली केलं की खाली. ते कधीही तुमच्याकडे तोंड करून येत नाही. रेडिओवरचं विमान येतं. आणि ते समोरून यायला लागलं की उजवं-डावं उलटं होतं. तुम्ही रेडिओवरची काठी उजवीकडे दाबता, ते तुमच्या डोळ्यांना डावीकडे वळताना दिसतं, तुम्ही घाबरून अजून दाबता, आणि जमीन. नवीन माणसाची निम्मी विमानं इथे जातात. ज्याला कॉलेजात ‘मला उडवता येतं’ हे ठाऊक होतं त्याला तर हे जास्तच लागतं, कारण शिकायची गरजच वाटलेली नसते. यावरची युक्ती एका वाक्याची आहे: विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली पडलाय त्याच बाजूला काठी न्यायची, जणू खालून टेकू देताय. पण ती हातात बसायला पन्नास-शंभर वेळा चुकावं लागतं, आणि चुकायची जागा कॉम्प्युटर आहे. पिकासिम नावाचं सिम्युलेटर फुकट मिळतं. रेडिओ कॉम्प्युटरला जोडायची केबल पाच-सातशेला. हे त्यांनी दीड वर्षापूर्वी केलं असतं तर मोडक्या तिघांतली निदान दोन वाचली असती असं मी छातीठोक सांगतो.

लढाऊ विमानाचं तर बोलायलाच नको. दिसायला सगळ्यात देखणं तेच, म्हणून सगळे दुसरं तेच घेतात. पंख लहान, वजन जास्त. उतरताना वेग जरा कमी झाला की एका पंखाची हवा सुटते आणि विमान कुशीवर पडतं. आमच्या मैदानावर अशा विमानांचे तुकडे गोळा करायला एक वेगळी गोणी आहे.

लाकडी विमान उडालेलं नाही हे वाचून मात्र मला बरं वाटलं. ते थ्रीडीचं असणार, म्हणजे हवेत उभं लटकवायचं, उलटं न्यायचं, अशा कसरतींचं. साठ-सत्तर उड्डाणं झालेल्या माणसाचं ते नव्हे. ते त्यांनाही कळलेलं आहे, म्हणून ते माळ्यावर आहे. ते विकायला सांगा, आत्ता. दर उन्हाळ्यात माळ्यावर फिल्मला सुरकुत्या पडतात आणि भाव उतरतो.

आणि रेडिओ विकायला लावू नका. यातली गंमत बघा, त्यांनी खोटं नेमकं ज्या वस्तूबद्दल सांगितलं तीच पाचही विमानांपेक्षा शहाणी खरेदी आहे. विमानं येतात, मोडतात. रेडिओ दहा वर्षं राहतो, प्रत्येक विमानाला तोच चालतो. १७,५०० जरा जास्त झाले, सुरुवातीला साडेचार-पाच हजारांचा सहा चॅनेलचा पुरतो, मी स्वतः त्यावरच आहे. पण ते पैसे पाण्यात गेलेले नाहीत. खरी किंमत सांगितली असती तर त्यांना बाजू मांडता आली असती.

आता घरचं. अठरा महिन्यांत १,६४,००० म्हणजे महिन्याला ९,१०० रुपये. हप्ता गेल्यावर तुमच्याकडे ५३,००० उरतात. त्यातला जवळजवळ सहातला एक रुपया माळ्यावर चढला, आणि तो तुम्हाला न विचारता. बारावीचं वर्ष आहे, पुढे प्रवेशाची फी, वसतिगृह. एवढा खर्च तुमच्या घराला झेपत नाही. हे मी विमानवाला असूनही म्हणतो, आणि त्यांना वाचायला द्या.

महिन्याला २,५०० ठरवा. वेगळं खातं, वेगळं यूपीआय, त्यातून काय घ्यायचं हे सर्वस्वी त्यांचं, तुम्ही बिल मागायचं नाही. उरले तर पुढच्या महिन्यात त्यांचेच. जुनं विकलं तर ते पैसेही त्याच खात्यात. वर्षाचे ३०,००० होतात. त्यात दोन लहान बॅटऱ्या, पंखे आणि गोंद, मैदानापर्यंतचं पेट्रोल जाऊन वर्षाला एक बरं विमान सहज बसतं. अजून एक अट माझ्या बायकोची आहे, ती उसनी देतो: मोडलेलं दुरुस्त होऊन उडाल्याशिवाय किंवा सुटे भाग विकून निकालात निघाल्याशिवाय नवीन यायचं नाही.

सुरुवात तर फुकटच होईल. लाकडी विमान १७,०००, जेटच्या बॅटऱ्या ३,०००. या वीस हजारांत आठ महिने निघतात. तोवर मुलीच्या प्रवेशाची फी भरून झालेली असेल, आणि या आठ महिन्यांत पगारातला एक रुपयाही विमानाला लागणार नाही.

आणि ताई, तेवढेच २,५०० दर महिन्याला तुमच्या खात्यात. हिशेब न देता. पाच हजार झेपत नसतील तर दोघांचे पंधराशे करा, पण सारखे. तुम्ही पानभर पत्रात स्वतःवर केलेला एकही खर्च लिहिलेला नाही, म्हणून म्हणतो.

हात शिवशिवत असतील तर त्यांना बोर्डाचं विमान करायला सांगा. २२१२ ची मोटर पाचशे, तीस अँपिअरचा ईएससी सहाशे, नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो मिळून पाचशे, पंखा साठ-सत्तर, आणि सनपॅकचे, म्हणजे जाहिरातींच्या पोकळ प्लास्टिक पत्र्याचे बोर्ड. इलेक्ट्रिकलचा माणूस आहे, सोल्डरिंग त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत असेल. दोन हजारांच्या आसपास विमान उभं राहतं, आणि पडलं तर बोर्ड बदलायचा, बाकी सगळं तेच. निवडणूक झाली की फ्लेक्सवाल्याकडे बोर्ड फुकट मिळतात. माझ्या एका विमानाच्या पंखाखाली अजून एका उमेदवाराचे जोडलेले हात दिसतात. उतरताना ते खाली येत येत नमस्कार करतात, पोरं खूश होतात.

न्यू जर्सीचं विमान रद्द करा. ते आठ महिन्यांच्या नियमात बसत नाहीच, पण त्या पोराचाही विचार करा. परदेशातून तयार किंवा जोडायच्या किटमधला ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग चालतात. तुमचं ते विमान आहे, ड्रोन नाही, हा फरक रात्री दोन वाजता, सोळा तासांच्या प्रवासानंतर, कस्टमच्या टेबलावर त्या पोराने समजावून सांगायचा. सोबत विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असेल तर ती चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसणार. भाच्याकडून चॉकलेटं मागवा.

कायद्याचं एक वाक्यात: २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर उडवलेलं मॉडेल २०२१ च्या ड्रोन नियमांत बसतं आणि त्याला ड्रोनसारखं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता, लागत नाही. पण सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशात आपलं मैदान हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, भागात आहे का ते बघायचं आणि तिथेही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. तुमच्याकडे चालू विमानतळ जवळचा म्हणजे कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा, तो लांब आहे. तरी बघून घ्यावं.

आता एक गोष्ट आजच्या आज. बाकीचं पुढच्या आठवड्यात बोललात तरी चालेल, हे नाही. त्या बॅटऱ्या साड्यांखालून काढा. लिपो बॅटरी मोबाइलच्या बॅटरीच्याच जातीची, पण तिला मोबाइलसारखं कडक आवरण किंवा आतलं संरक्षण नसतं. पडून आतून दुखावलेली, फुगलेली बॅटरी चार्ज होताना पेटते, आणि पेटली की पाण्याच्या बादलीने आटपत नाही. बेडरूममध्ये लावून झोपणं हा प्रकार आज बंद. चार्जिंग जागेपणी, समोर बसून, फरशीवर, पडद्यापासून लांब. २२०० एमएएचची बॅटरी असेल तर २.२ अँपिअरच्या वर नाही. ठेवायच्या तर गच्चीच्या जिन्यात वाळूच्या कुंडीत किंवा त्यासाठी मिळणाऱ्या पिशवीत, घट्ट बंद पत्र्याच्या डब्यात नाही. आणि पुढचे दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायच्या. पूर्ण भरून महिनाभर कपाटात पडलेली बॅटरी फुगू शकते आणि तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे साड्या वाचतील आणि पैसेही. हे सगळं त्यांना माहीत आहे, चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचं बटण आहे. आळस आहे फक्त.

सासूबाईंचं म्हणणं मी खूप घरांत ऐकलंय, माझ्याही. दारू पीत नाही हे दारूबद्दलचं प्रमाणपत्र झालं. बिलाच्या खोट्या आकड्याबद्दल ते काही सांगत नाही. त्यामुळे गप्प बसू नका. पण विरोधही करू नका, विरोध केला की घरचा भाव अजून खाली येतो. जे चार हजारांचं होतं ते ‘मित्राने फुकट दिलं’ होतं. आमच्यात एकाकडे मित्रांनी फुकट दिलेली सात विमानं होती.

बोलायचं घरी नाही. एका रविवारी त्यांच्याबरोबर मैदानावर जा, सकाळी सातला, वारा पडलेला असतो तेव्हा. खुर्ची न्या, टोपी न्या. मुलीला अभ्यासातून दोन तास सुटी द्या. ते काय उडवतात बघा. ग्लायडर असेल तर सांगा मोटर बंद करायला. वर ते आवाज न करता घिरट्या घालतं तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघा, हा छंद पूर्ण मोडायचा की माफक करायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि उतरताना चुकून पडलं तर त्या क्षणी किंमत विचारू नका, एवढं एक माझ्यासाठी. परत येताना गाडीत वही काढा. भागाकार त्यांनाच करू द्या.

राहता राहिलं ते नाक चेपलेलं पहिलं विमान. ते फेकू देऊ नका, तुमच्या घरातलं सगळ्यात कामाचं विमान तेच आहे. शिकायची तयार विमानं बहुधा ईपीओ फोमची असतात. त्या फोमचे दाणे चेपले तरी गरम पाण्यात परत फुगतात. मोटर, वायरी काढून घ्यायच्या, पाणी उकळून गॅस बंद करायचा, आणि चेपलेलं नाक त्यात अर्धा-एक मिनिट बुडवायचं. डोळ्यांदेखत सुरकुत्या निघतात, बघायला मजा येते. उरलेल्या चिरा पाच मिनिटांच्या इपॉक्सीने भरायच्या. थर्माकोलचा काही भाग असेल तर त्याला साधा झटपट सीए ग्लू (फेविक्विकसारखा) लावू नये, थर्माकोल विरघळतो. मग बॅटरी घालून, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान दोन बोटांवर विमान तोलून बघायचं. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवायची. दोन-तीनशे रुपयांत ते पुन्हा उडेल.

पातेलं मात्र स्वयंपाकाचं देऊ नका.